खालच्या शेतातलं पाणी

१४ जुलै २०१९
टोर्स्टन फाटा, उत्तर आयोवा

प्रिय हाल्वोर,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. तू तिकडे ॲरिझोनात भाजून निघत असशील. तीन वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, तरी हे वाच. खालच्या शेतात पुन्हा तळं साचलं, पाणी थांबलं! अरे, थांबलं म्हणजे थांबलंच!

शेतातलं पाणी बाहेर काढायला बाबांनी जमिनीखाली पुरलेला मातीचा पाइप मी पाणी साठावं म्हणून त्यांचा नकाशा बघून पहिल्याच वर्षी फोडला होता. तरी पाऊस पडला की आठवड्यात शेत पुन्हा कोरडं. शेजारचा ड्वेन क्लॉस्टर कुंपणापलीकडून ओरडायचा, "मारित, मका तर गेलाच, आता बेडूक कधी काढणीला येणार?" त्याला काय सांगणार, कपाळ?

यंदा एप्रिलात बर्फ वितळलं तशी मी धान्याच्या कोठीवर चढले. हो, या वयात. सगळं शेत काळंभोर, ओलं, आणि मधून एक तिरका फिकट पट्टा. पाइपावरची माती आधी सुकते, हे बाबांनीच शिकवलेलं. म्हाताऱ्याने पाइपाची दुसरी ओळ पुरली होती आणि नकाशावर काढलीच नव्हती! दुसऱ्याच दिवशी खणून फोडली.

जूनमध्ये धो धो पाऊस झाला. एरवी ड्वेनच्या तळघरात गुडघाभर पाणी शिरतं. यंदा थेंब नाही, सगळं आपल्या तळ्याने पोटात घेतलं. स्वारी रुबार्बचा केक घेऊन दारात हजर! शिवाय काठाने पाणगवत उगवलंय. कुणी पेरलं नाही, साठ वर्षं मक्याखाली बी तसंच पडून होतं. बदकांचं तर विचारूच नकोस.

आता जे टाळत होते ते लिहिते. "पाणी परत आणा, ही बाबांची शेवटची इच्छा," असं सांगून मी शेताचं तळं करायच्या कागदावर तुझी सही घेतली. बाबा तसं काहीच बोलले नव्हते. ते शेत कोरडं करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी मला काठीने हाणलं असतं. माझं खोटं तुला कळलं आणि तू बोलणं टाकलंस. बरोबर केलंस. माझ्या शब्दावर तू सही करशील असा भरवसा नव्हता, म्हणून मेलेल्या बापाच्या तोंडी शब्द घातले. चुकले रे.

पण तळ्याबद्दल माफी मागणार नाही. ते पाहून मी रोज एकटीच वेड्यासारखी हसते. तुला रागवायचंच असेल तर इथे ये, काठावर उभा राहा आणि काय ते बोल.

खोटं बोललेली, पण खरी ठरलेली,
तुझी थोरली बहीण
मारित