आधी कुठे गेलात?

३ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला पंधरा दिवस लागले म्हणून रागावू नकोस. दवाखान्यात खोकल्याची साथ आली आहे. सकाळी आठला मी टेबलाशी बसते तेव्हाच दोन्ही बाकं भरलेली असतात. नंबराचे बिल्ले पुरत नाहीत, म्हणून मामाने पुठ्ठ्याचे नवे कापून दिलेत. त्याच्या बाइंडिंगच्या दुकानातले सोनेरी आकडे घातलेत त्यावर. ते इतके देखणे झालेत की लोक खिशात घालून घरी नेतात.

मामा बरा आहे, दाढ मात्र छळतेय. डाव्या जबड्यात कळ येते म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दाढ काढली आणि कळ आहे तिथेच आहे. त्याचं म्हणणं, त्यांनी भलतीच दाढ उपटली. रस्त्यात भेटेल त्याला तोंड उघडून खड्डा दाखवतो. तूही त्याला दोन ओळी लिही. मोठ्या इस्पितळात लागल्यापासून तुला शिंगं फुटलीत अशी त्याची खात्री आहे.

लोभ आहेच. पत्रं लिहीत राहिलास तर वाढेलही.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिंगं अजून फुटलेली नाहीत, रोज आरशात बघतो.

माझं टेबल आता हृदयविभागाच्या दारातच आहे. रुग्ण आला की मी त्याचा कार्डिओग्राम काढतो आणि कागदावर वेळा लिहितो. दुखायला कधी लागलं, इथे कधी पोचला. महिन्यापूर्वी आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी त्यात एक रकाना वाढवला: आधी कुठे गेलात? मला वाटलं, उगाच एक काम वाढलं. पण ताई, संध्याकाळी ते कागद एकत्र लावले की फरक उघड दिसतो. घरून थेट आलेले लोक तास-दीड तासात पोचतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यांना वेळेत मिळतं. जे आधी जवळच्या दवाखान्यात जातात ते तिथे नंबर लावतात, सलाईन लावून पडून राहतात आणि चार-चार तासांनी इथे येतात. तोवर हृदयाचा एक तुकडा मेलेला असतो. तो पुन्हा जिवंत होत नाही.

मागच्या आठवड्यात एक मुख्याध्यापिका आल्या, तुमच्याच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. साडेचार तास झाले होते. त्या वाचल्या नाहीत.

मी डॉक्टरांना नावं ठेवत नाही. आईच्या शेवटच्या महिन्यात ते रोज घरी यायचे, ते मी विसरलेलो नाही. फक्त विचारतो: छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं तर तू काय करतेस? नंबर देतेस?

आणि मामाला एवढं विचार. कळ चावताना येते की जिना चढताना?

असाच लोभ राहू दे, ओरडलीस तरी.

तुझा,
धाकटा


१५ मार्च, रविवार

चि. भाचेसाहेबांस,
गरीब मामाचे आशीर्वाद.

तुमच्या हुकमावरून ताईने माझी उलटतपासणी घेतली. कबूल करतो, कळ चढताना येते. माळ्यावर पुठ्ठे आणायला गेलो की जबडा धरतो, खाली येऊन पाच मिनिटं बसलं की सुटतो. माझी दाढ काढली तरी तिला जिना ओळखता येतो, इतकी ती हुशार होती. परवा पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत होतो तेव्हा तीच कळ दंडात उतरली. मालिशवाल्याने दंड चोळून दिला. थोडं बरं वाटलं.

वाचनालयाचे चाळीस खंड बांधायला घेतलेत, सहा राहिलेत. ते हातावेगळे केले की शनिवारी डॉक्टरांना दाखवतो. ताई म्हणाली की मधूनच आत सोडेन. मी तिला बजावलंय, भाची टेबलाशी बसते म्हणून रांग मोडणाऱ्यांतला मी नव्हे. तुझ्या इस्पितळात मात्र बोलावू नकोस. तिथे माणूस उभा जातो आणि आडवा परततो, असं ऐकून आहे.

माया कमी करू नये. पत्र लहान असलं तरी चालेल.

तुझा,
मामा


१८ मार्च, बुधवार

ती. ताईस,
नमस्कार.

मामाचं पत्र आत्ता हातात पडलं. दवाखान्यात तीनदा फोन लावला, लागत नाही. ही चिठ्ठी दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतोय.

ती दाढ नाही. ते हृदय आहे. शनिवारची वाट बघू नका, उद्याच त्याला इकडे आण. आणि त्याआधी कळ आली, बसून थांबली नाही, घाम सुटला, तर दवाखान्यात नेऊ नकोस. मिळेल ती गाडी पकड आणि थेट इथे ये. डॉक्टरांना काय वाटेल ते मागाहून बघू.

धाकटा


२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

इस्पितळात तेरा दिवस तुझ्या शेजारी बसून जे बोलता आलं नाही ते लिहिते आहे. पूर्ण वाच, मग काय ते बोल.

तुझी चिठ्ठी मला बुधवारी संध्याकाळीच मिळाली होती. मी मामाकडे जाऊन ती वाचून दाखवली. तो आधी हसला, मग गुरुवारी दुपारच्या बसने यायला तयार झाला. सकाळी शेवटचे दोन खंड उरकतो म्हणाला.

गुरुवारी नऊ चाळीसला तो दवाखान्याच्या दारात उभा होता. तोंड राखेसारखं, कॉलर घामाने चिकटलेली. टेबलाशी येऊन त्याने माझ्याकडे नंबर मागितला. आणि मी दिला. हात आपोआप गेला रे. चौदावा. बाकावर सरकून त्याने एका बाईला जागासुद्धा करून दिली.

दहा मिनिटांनी मी त्याला ओढूनच आत नेलं. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, जिभेखाली गोळी दिली, सलाईन लावलं. म्हणाले, या अवस्थेत रस्त्याचे धक्के सोसणार नाहीत, जरा स्थिर होऊ दे, बारापर्यंत बघू. तुझी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी खाटेशी उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. ज्यांनी आईचे डोळे मिटले त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की माझा भाऊ म्हणतो इथे थांबू नका? साडेबाराला मामाने मला खिडकी उघडायला सांगितली. खिडकी उघडीच होती. तेव्हा मात्र मी रस्त्यावर धावले आणि बेकरीची गाडी आडवली. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, तिच्यासाठीही थांबले नाही.

दोन वाजता तुझ्या टेबलाशी आलो. तू मान वर न करता विचारलंस, आधी कुठे गेलात. मी म्हटलं, कुठेच नाही. घरून थेट. साडेबाराला दुखायला लागलं. तू ते लिहून घेतलंस.

मामा काल घरी आला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा खाली बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की भाच्याने वाचवलं. मी त्याच्याकडे बघू शकत नाही.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. तूच ठरव.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला तेव्हाच कळलं होतं. दीड तासात कार्डिओग्राम तसा दिसत नाही, आणि मामाच्या मनगटावर सलाईनची पट्टी होती. तरी तू म्हणालीस तेच मी माझ्या हाताने लिहिलं. तेव्हा खोट्यात मीही अर्धा आहे.

काल मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त विचारलं की अशी आणखी किती माणसं ‘घरून थेट’ म्हणून सांगून गेली असतील. मग माझ्यासमोर तो कागद ठेवला. मी ओळ खोडून खरी वेळ लिहिली. त्या तुमच्या डॉक्टरांना पत्र लिहिणार आहेत, त्यांच्याकडून आलेल्या तेवीस जणांच्या वेळांसकट. ते पोचण्याआधी तू स्वतः त्यांच्याशी बोल. एवढं तरी त्यांना आपल्याकडून कळायला हवं.

लोभ तुटेल असं वाटलं तुला? वेडी आहेस.

धाकटा


१४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बोलले. शेवटचा रुग्ण गेल्यावर तुझी चिठ्ठीच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि बराच वेळ तो रुमालाने पुसत बसले. म्हणाले, आम्हाला शिकवलं होतं की आधी माणूस स्थिर करा, मग हलवा, आणि तीस वर्षं मी तेच करत आलो. मग मुख्याध्यापिकाबाईंबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्या दिवशी ते दवाखान्याचे दिवे न मालवताच घरी गेले.

काल सकाळी आपल्या गावचे वायरमन आले, छातीवर मूठ दाबून. मी त्यांना बाकावर बसूच दिलं नाही. गाडी बोलावत होते तेवढ्यात डॉक्टर आतून आले. वाटलं, आता माझं काम गेलं. त्यांनी वायरमनना एक गोळी चावायला दिली, गाडीचं दार स्वतः उघडलं आणि ड्रायव्हरला तुमच्या विभागाचा रस्ता समजावला. नंतर आत गेले. पुढच्या रुग्णाला बोलावायला त्यांना पाव तास लागला.

वायरमनचं कळव. मामाचे पाय सुजलेत, रात्री तीन उशा लागतात. तुम्ही गेल्या आठवड्यात काढलेल्या त्याच्या छातीच्या फोटोंचं काय झालं?

तुझ्या मायेवरच चाललंय सध्या.

ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वायरमन पन्नास मिनिटांत पोचले. रकान्यात मी लिहिलं: दवाखाना, तीन मिनिटं. आज सकाळी ते विभागात फेऱ्या मारत होते आणि आमच्या भिंतीतलं वायरिंग किती वाईट आहे ते मला ऐकवत होते.

मामाचे फोटो आले. मोठ्या बाईंनी ते उजेडाला दोनदा धरले आणि मला दार लावून बसायला सांगितलं. बाकीचं भेटीत सांगेन. सोमवारी त्याला घेऊन ये. नेहमीची तपासणी आहे एवढंच सांग.

लोभ असू दे. यापुढे दोघांनाही तो पुरवून वापरावा लागेल.

तुझा,
धाकटा

ता. क. येताना त्याचे चार कपडे जास्त घे. पण ते भरताना त्याला दिसू देऊ नकोस.