'नागप्पा सत्ता' या बातमीचा खुलासा

हळ्ळीखेड (बी)

आदरणीय नागप्पामामा यांस, भाचा व्यंकट याचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत आहे असं निलम्मामामीकडून कळलं, फार बरं वाटलं. (हे वाक्य एरवी सगळेच लिहितात, मी मनापासून लिहितोय.) इकडे बाबा, मी आणि म्हैस खुशाल आहोत. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या नागेशच्या हाती पाठवतोय. त्याच्यावर राग काढू नये. त्या दिवशी आईला कमठाण्याला तुमच्या गावी त्यानंच नेऊन सोडलं हे खरं, पण बिचारा वाटभर तिच्याबरोबर रडला.

आता झालं काय ते सविस्तर सांगतो. हुमनाबादच्या केबलवर दर रविवारी संध्याकाळी आमची विनोदी मालिका लागते, 'बोंब चोवीस तास'. केबलवाला राजपाल ती काढतो, लिहितो मी, आणि तिच्यातल्या खोट्या वृत्तवाहिनीचा निवेदकही मीच. वाहिनी अशी की कांद्याचा भाव सांगतानासुद्धा मागे ढाण ढाण वाजतं. मागच्या महिन्यात एक बकरी महाराष्ट्रातून चरत चरत कर्नाटकात आली, तर ती आता कानडीत ओरडणार की मराठीत, यावर आम्ही तीन तज्ज्ञ बसवून चर्चा घडवली. तज्ज्ञ एकमेकांच्या अंगावर धावून गेले (ते संहितेत होतं) आणि बकरीनं संहिता खाल्ली (ते नव्हतं). निव्वळ थट्टा होती, मामा. पण दुसऱ्या दिवशी चिंताकीहून एका गृहस्थाचा फोन आला, की माझ्याकडंबी तसलीच बकरी हाय, सरकार काय देणार हाय? खऱ्या वाहिन्या इतक्या पुढे गेल्यात की खोटी ओळखायला लोकांना वेळ लागतो. मग आईचा काय दोष? ती तर गावभर सांगते, "आमचा व्यंकट टीव्हीवर बातम्या द्यायलाय, लोक कामून हसायलेत काय की."

तर त्या रविवारच्या भागात एका सोसायटीचा चेअरमन होता, काही केल्या खुर्ची न सोडणारा. त्याला नाव तर द्यावं लागतं, नागप्पा ठेवलं. आपल्या भागात नागप्पा पैशाला पासरी. (तुमच्यासारखा एकच, ते वेगळं.) बातमी होती, 'नागप्पा सत्ता सोडणार का?' वाहिनीचा रिवाज असा, की निवेदकानं पहिले दोनच शब्द बोंबलायचे, ढाण ढाण होऊ द्यायचं, आणि उरलेलं वाक्य जाहिरातीनंतर. तसा मी तीनदा बोंबललो, नागप्पा सत्ता, नागप्पा सत्ता, नागप्पा सत्ता, आणि मसाल्याची जाहिरात लागली.

त्या वेळी मी राजपालकडे होतो. घरचं बाबांनी सांगितलं. आई आत भाकरी थापत होती, टीव्ही ओसरीवर. तिला चित्र दिसत नव्हतं, आवाज तेवढा जात होता. आता मराठीत सत्ता म्हणजे खुर्ची आणि कानडीत सत्ता म्हणजे मेला, हा काय माझा गुन्हा आहे? माझी कानडी म्हणाल तर बसच्या कंडक्टरपुरती. आईनं तीस वर्षं सासरी मराठीत संसार केला, मराठीत भांडली, मराठीतच मला बडवलं. पण ते दोन शब्द तिनं माहेरच्या कानानं ऐकले. "अय्यो, नन्न तम्मा," माझा धाकटा भाऊ गं, म्हणत पिठाच्या हातानं उठली आणि जाहिरात संपायच्या आत नागेशच्या टेम्पोत. बाबा मागून ओरडत होते, "आगं थांब, पुढचं तर ऐक." तुमच्या वास्तुशांतीला तिला मिळालेल्या आहेराच्या साडीचा काठ मामीच्या बहिणीच्या साडीहून दोन बोटं अरुंद निघाला, तेव्हापासून सहा वर्षं ती तुमच्याशी बोलली नव्हती. (मी कोणाच्याच बाजूनं बोलत नाही.) पण त्या दिवशी ती पुढचं ऐकायला थांबली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, मला मामीनं सांगितलं. आई वेशीपासूनच सूर धरून आली, गल्लीतल्या चार बायकांनी काय झालं न विचारता साथ दिली, आणि तुम्ही ओट्यावर पायाला तेल चोळत बसलेले. धरलेला सूर असा मध्येच सोडता येत नाही. तिनं तो तुमच्याच गळ्यात पडून, तुमचे सगळे गुण मोजून पुरा केला. तुम्ही "अक्का, मी हाय की" एवढंच म्हणालात. मग तिला तो काठ आठवला आणि तिनं तोंड फिरवलं. तिनं फिरवलं म्हणून तुम्हीही. आठवडा उलटला, ती तुमच्याच घरी आहे, जातही नाही आणि बोलतही नाही. चहात साखर कमी पडली तर ती तुळशीला सांगते, साखर संपली हे तुम्ही बैलाला सांगता, आणि मामी मधल्या मध्ये निरोप वाहून थकली. "दोघंबी एकमेकाच्या ताटात काय वाढलंय ते चोरून बघायलेत," असं ती म्हणाली.

असो. झाल्या प्रकाराबद्दल वाहिनीतर्फे दिलगिरी. दोष भाषेचा, थोडा मसाल्याच्या जाहिरातीचा. मामीला नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
व्यंकट

ता. क. आईला लवकर पाठवा, असं बाबा म्हणतात. माझ्या हातची भाकरी तुटत नाही, तरी ते तिला 'ब्रेकिंग' म्हणतात.

दुसरा ता. क. बाबांचं ऐकू नका, तिला ठेवून घ्या. इकडे आली की आणखी सहा वर्षं जातील, आणि तुम्ही दोघंही आता तरणे राहिला नाहीत. तुमची किंवा तिची, ही बातमी कधीतरी खरी येणारच. तेव्हा गळ्यात पडून उपयोग नाही, मामा. मला त्याची फार भीती वाटते.

तिसरा ता. क. लहानपणीचे सगळे उन्हाळे मी तुमच्या अंगणात काढले, कानडी मला तुमच्याइतकीच येते. संहितेत आधी 'नागप्पा खुर्ची सोडणार का' असं होतं. राजपालला न विचारता 'सत्ता' मी केलं. मालिका लागते तेव्हा आई चुलीपाशी असते, हेही मला ठाऊक होतं. वाटलं होतं, दचकून तुम्हाला एक फोन करेल. टेम्पो करेल असं वाटलं नव्हतं. हे तिला कळलं तर ती माझी चामडी लोळवील, म्हणून कृपा करून सांगू नका. सांगितल्याशिवाय राहवणारच नसेल, तर मामीकडून निरोप चालणार नाही. समोर बसून, अक्का म्हणून हाक मारून, तुमच्या तोंडानं सांगा.