डेल्बर्टची कार्डं

प्रिय लोरीन,

हे पत्र घरी न पाठवता, शाळेच्या स्वयंपाकघरात तुझ्याबरोबर काम करणाऱ्या बर्निसच्या हाती पाठवतेय. तिथेच वाच, घरी नेऊ नकोस.

ईस्टरला माझ्याकडे जेवताना तुझ्या गळ्याभोवती रुमाल होता. बटाटे वाढताना तो सरकला आणि मला बोटांचे वळ दिसले. तू हळूच म्हणालीस, "कार्डांचे भाव बघून डोकं फिरलंय गं त्याचं." तेव्हापासून मी ते भावच आठवत बसलेय.

तुझं डेल्बर्टशी लग्न झालं तेव्हा त्याच्या लहानपणच्या बेसबॉलपटूंच्या कार्डांना कुत्रं विचारत नव्हतं. च्युइंगगमच्या पाकिटात फुकट यायची ती. बुटाच्या खोक्यातली बरीचशी तू त्याच्यासमोरच शेजारच्या पोरांना दिलीस, आणि तो हसला होता. पोरांनी ती सायकलच्या तारांत खोचून टर्रर्र वाजवत गल्ली डोक्यावर घेतली. पुढे काही वर्षांनी पेपरात आलं, तसलंच एक कार्ड मोटारीच्या किमतीला गेलं. "माझी मोटार पोरांच्या चाकात घातलीस, सटवे!" म्हणत त्याने तुझं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. जबडा तारेने बांधलेला, नळीने सूप पीत होतीस, आणि डॉक्टरांना पाटीवर लिहून दिलंस: जिन्यावरून पडले.

मग त्याने घरातली सगळी शिल्लक नव्या कार्डांत घातली. अर्धं ओहायो तेच करत होतं. जुनी महाग झाली, कारण आयांनी ती कचऱ्यात टाकली होती. नवी कोणीच टाकली नाहीत, म्हणून घरोघरी ढीग झाले आणि ती कोणालाच नकोशी झाली. भाव कोसळला त्या हिवाळ्यात त्याने तुझा हात गॅरेजच्या दारात धरला आणि दार ओढलं. ती बोटं अजून वळत नाहीत.

करोनाच्या साथीत लोक घरी बसले आणि जुन्या कार्डांचे भाव आभाळाला टेकले. खोक्यात उरलेलं एक विकून त्याने घरावर नवं छप्पर घातलं. मला वाटलं, सुटलीस बाई. पण महिन्याभरात तेच कार्ड तिप्पट किमतीला गेलं. "विक, विक म्हणून तूच माझं डोकं खाल्लंस!" आणि त्याने तुझा गळा धरला.

भाव पडला तरी मार, चढला तरी मार. लोरीन, कार्डं नसती तर त्याला दुसरं काहीतरी सापडलं असतं.

मी शेरीफकडे जाऊन आले. हवं तर रागाव. तो म्हणाला, "गळ्याला हात घालणारा पुढच्या खेपेला सोडेलच असं नाही. पण ती स्वतः बोलल्याशिवाय माझे हात बांधलेत."

शनिवारी डेल्बर्ट क्लीव्हलंडच्या कार्डांच्या बाजारात जाईल. त्याची गाडी वळणाआड गेली की मी ट्रक घेऊन तुझ्या दारात येईन. औषधं घे, आईचा फोटो घे. भांडी घासत बसू नकोस. तू बाहेर आली नाहीस तर हॉर्न वाजवणार नाही, दारही ठोठावणार नाही. पायरीवर बसून राहीन. तो परत आला तरी.

तुझीच बहीण,
व्हर्ना