बिनदुधाची कॉफी

अण्णा,

आपल्या घरी एकदा दूध उतू गेलं होतं, ते तुम्हाला आठवतं का? मी तेव्हा शाळेत होते. आम्ही तिघी बहिणी स्वयंपाकघरातच. थोरली वेणी घालत होती, मी भूगोल पाठ करत होते, धाकटी शेंगा सोलत होती, आणि शेगडीवरचं दूध आमच्या देखत वर आलं आणि सांडलं. तुम्ही आत येऊन बघता तर तिघी एकमेकींकडे बोट दाखवतो आहोत. "आज हिची पाळी होती." "मला काय कोणी सांगितलं होतं?" तुम्ही ओरडला नाहीत. सगळ्यांसाठी कोरी कॉफी गाळलीत, स्वतःसाठीही, आणि साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवलात. थोरली म्हणाली, "अण्णा, तुम्ही कशाला? तुम्ही तर बाहेर होता." तर म्हणालात, "वास मलाही आला होता. वाटलं, तिघी आहेत आत." एवढंच. त्या कडू कॉफीचा मला कितीतरी दिवस राग होता. मिलमधून दमून आलेल्या माणसानं आम्हाला दोन रागाचे शब्द बोलून मोकळं व्हावं, हे काय भलतंच, असं वाटायचं.

तुम्ही गेल्यावर माझी मुलं शिकून कामाला लागली, इतका काळ लोटला. मी अजून मल्लेश्वरमच्या त्याच वठारात आहे, जिथे लग्न करून आले. एका अंगणाभोवतीची बिऱ्हाडं, मध्ये विहीर, सगळ्यांत मिळून एक नळ. मुलं म्हणतात, जे. पी. नगरला फ्लॅट बघू. मी हिशेबाची वही पुढे सरकवते, मग विषय बदलतात. मालकालाही वठार पाडून फ्लॅट बांधायचे आहेत, म्हणून खोल्या रिकाम्या व्हायची वाट बघत असतो.

समोर एक अज्जी राहायच्या. कन्नड ब्राह्मण, एकट्या, आणि मडीच्या फार कडक. मडी म्हणजे आपलं सोवळंच, पण त्यांचं आपल्यापेक्षा पुष्कळ पुढचं. विहिरीवर न्हाऊन ओलेत्यानं स्वयंपाक, आणि देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कोणाशी शब्द नाही. हाक मारली तरी ओ द्यायच्या नाहीत. आम्हा सगळ्यांना ते माहीत, आम्ही ते जपायचो. मुलांचा चेंडू त्यांच्या दारी गेला तरी दुपारपर्यंत कोणी आणायचं नाही.

त्या दिवशी द्वादशी. आदल्या दिवसाचा निर्जळी उपास, त्यामुळे अज्जी पहाटेच चुलीपाशी. मी नळावर होते तेव्हा आत पितळेचं भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला. नळावरच्या कोणीतरी विचारलं, "अज्जी, काय झालं?" उत्तर नाही. दुसरी हसून म्हणाली, "मडीत आहेत गं, आता नैवेद्यानंतर बोलतील." सगळ्या आपापली भांडी उचलून गेल्या. मीही स्वल्प वेळानं घरात आले. संध्याकाळी त्यांच्या तुळशीपुढे दिवा दिसला नाही तेव्हा दार ढकललं. चुलीपाशी पडल्या होत्या. श्वास होता, पण हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत तोही राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर..."

तेव्हापासून वठारात जो तो आपल्या देवाला विचारतो आहे. आमचे हे म्हणाले, "ज्याचं त्याचं कर्म. त्यांचं आयुष्य तेवढंच होतं." रोज गीता वाचणारा माणूस, पण ते वाक्य मला पळवाटेसारखं वाटलं. कोपऱ्यातल्या खोलीतली नर्स म्हणाली, चर्चमध्ये आम्ही छातीवर हात मारून माफी मागतो, जे केलं त्याची, आणि जे करायचं राहिलं त्याचीही. अज्जींच्या भिंतीला भिंत लागून मुसलमान टेलरचं बिऱ्हाड. त्याची बायको अंगणात यायचीच बंद झाली. मी गेले तर म्हणाली, "अक्का, आमच्यात काही कामं अशी असतात की एकानं केलं तर सगळे सुटतात. कोणीच केलं नाही, तर सगळेच अडकतात."

पण अडकवलं तिला एकटीलाच. भिंत तिची, आवाज आधी तिला आला असणार, ही कुजबुज मालकानं उचलली आणि अंगणात येऊन तिच्या नवऱ्याला म्हणाला, "खोली सोडा. शेजारधर्म नाही तुम्हाला." मडीमुळे तिला तर अज्जींच्या उंबऱ्याला पायसुद्धा लावता येत नव्हता, हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. मी पुढे झाले. म्हणाले, "तिला एकटीला का? आम्हा सगळ्यांचंच चुकलं." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी डोळे पुसले. मलाही छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. मालक हसला. म्हणाला, "सरी, अक्का, बरोबर आहे. सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही." आणि टेलरला महिनाअखेरची मुदत देऊन गेला.

काल ते गेले. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "अक्का, त्या सकाळी अज्जींच्या दाराशी तुमच्या बांगड्या वाजल्या होत्या. मला वाटलं, तुम्ही आत गेलात. म्हणून मी कोणाला हाक मारली नाही."

हे तिनं मालकासमोर सांगितलं असतं तर तिची खोली राहिली असती.

गेले होते, अण्णा. सगळ्या पांगल्यावर मी त्यांच्या दारापर्यंत गेले होते, कडी वाजवायला हात वर केला होता. पण माझी आंघोळ व्हायची होती. मी शिवले तर अज्जींना उपाशीपोटी पुन्हा न्हावं लागेल, म्हणून हात खाली घेतला. देवाधर्माकडे बघून घेतला. अंगणात मी सगळ्यांचं चुकलं म्हणाले, ते खोटं नव्हतं. पण हे नाही सांगितलं. तुम्ही त्या दिवशी 'आपल्या सगळ्यांचं चुकलं' म्हणाला नव्हता. 'वास मलाही आला होता' म्हणालात. त्यातला फरक मला आज कळतो आहे.

मालकाकडे जाऊन सांगायला हवं. टेलरची खोली त्यानं अजून दुसऱ्याला दिलेली नाही. सकाळपासून दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. मग हा कागद घेऊन बसले, जो कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही. आज कॉफी केली ती बिनदुधाची. पहिला घोट घेतला, घशाखाली उतरेना.

साखर घातली मी, अण्णा.