समुद्र तू केलास असं कळलं

मांडवी, रत्नागिरी

चि. ऋतिका हिला थोरल्या काकांचा पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. माझा डावा गुडघा तेवढा नाही, पण त्याला मी हल्ली आमच्यात धरत नाही. तुझी आई बरी आहे. तुझा बाप बरा आहे की नाही हे त्याला विचारायची सोय नाही, हे तुला मी सांगायला नको. तू वेळेवर जेवतेस का? दीपाली (माझी सून आणि तुझी गुप्तहेर) सांगते की तू दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर पाणी हलवतेस. मी बावीस वर्षं बोटीवर काढली, पाणी आपलं आपण हलतं अशीच माझी समजूत होती.

तर मुद्द्याचं. तुमचा तो उडणारा लाटवीर आम्ही गेल्या आठवड्यात थेटरात जाऊन पाहिला. आम्ही म्हणजे मी आणि तुझा बाप. उभी असशील तर आधी खाली बस. ज्या धाकूने अडीच वर्षं घरात तुझं नाव काढू दिलं नाही (हातची बँकेतली नोकरी सोडून पोरगी कार्टून करायला गेली, हे तो बंदरावर कुणाला सांगत नाही, ‘मुंबईला असते’ एवढं म्हणतो आणि जाळ्यात डोकं घालतो), तोच धाकू थेटरवाल्यांनी दिलेला काळा चष्मा लावून माझ्या शेजारी तीन तास बसला होता. त्याला मी एवढंच सांगितलं की समुद्राचं पिक्चर आहे आणि जिना चढताना मला धरायला माणूस हवा. यात खोटं एक अक्षर नाही. पिक्चर संपल्यावर पडद्यावर तुझं नाव येतं, हे दीपालीने मला सांगितलं होतं, ते मात्र मी पोटात ठेवलं. ते नाव त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढाच माझा बेत होता.

आता पिक्चरविषयी. बाय, मी जगातली बंदरं पाहिली, पण अंधारात खुर्चीवर बसून पाण्याचा वास यावा असं कधी झालं नव्हतं. सुरुवातीला ती लाट किनाऱ्यावर येते आणि मागे जाते, तेव्हा ओली वाळू क्षणभर चकाकते आणि मग हळूच पाणी पिऊन काळी पडते. ती आपली मांडवीची वाळू आहे. तू लहानपणी तिथे तासन्‌तास उकिडवी बसायचीस आणि आम्ही म्हणायचो, पोर मंद आहे की काय. ते शब्द मी आज मागे घेतो. वादळ आलं तेव्हा तर मी खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरला (नंतर कळलं की त्यातला एक दांडा नव्हता, शेजारच्या बाईंचा हात होता, बाई सज्जन निघाल्या). आणि तुझ्या बापाने काय केलं? होडी अशी अंगावर येताना पाहिली आणि पायांतल्या चपला काढल्या! आपल्याकडे चपला घालून होडीत कुणी पाय ठेवत नाही, म्हणून त्याच्या पायांनी त्याला न विचारता ते काम उरकलं. वर अख्ख्या थेटराला ऐकू जाईल असा ओरडला, “मेल्या, आडवी काय घालतंस होडी! तोंड लाटेवर घे!” आणि लाटवीराने त्याच क्षणी होडीचं तोंड लाटेवर घेतलं. पुढच्या रांगेतली पोरं मागे वळून धाकूकडे देवाकडे बघावं तशी बघायला लागली.

पण दोष आहेत, आणि मी तोंडदेखलं बोलणारा माणूस नाही. पुनवेच्या तिन्हीसांजेला चंद्र वर येतो आणि तुमच्या किनाऱ्यावर भरती दाखवलीय! त्या वेळेला सुकती असते गो, पाणी पार मागे गेलेलं असतं (मुंबईला ओहोटी बघायला कुणाला वेळ आहे म्हणा). दुसरं, लाटवीराला उडता येतं तर तो अर्धा पिक्चर वल्ही का मारतो? तिसरं, त्याच्या आईने जाळ्यातून काढले ते बांगडे, आणि टोपलीतून विकायला नेली ती पापलेटं. इतकी मोठी जादू अख्ख्या पिक्चरमध्ये दुसरी नाही आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. शिवाय तो झगा! दर्यावरच्या वाऱ्यात पाठीला असं धडुतं बांधून उभा राहणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तर दुसऱ्यांदा दिसला नसता. खलनायक फार बोलतो. एवढं बोलण्यापेक्षा त्याने बुडवायचं ते बुडवून टाकलं असतं तर आम्ही वेळेत घरी पोचलो असतो.

असो. पिक्चर संपलं आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. दिवे लागले, लोक उठले, झाडूवाली बाई आत आली, आणि पडद्यावर मुंग्यांसारखी इंग्रजी नावं वर चढू लागली. मी धाकूला म्हटलं, बस जरा. तर तो खाली वाकलेला! उतारावरून त्याची एक चप्पल घरंगळत पुढच्या रांगांत गेली होती आणि तो खुर्च्यांखाली शिरून ती शोधत होता. नावं वर चाललीत आणि तुझा बाप खाली. अडीच वर्षांनी एकदाच जमून आलेला योग, आणि त्याच्या आड एक रबरी चप्पल! मी त्याचा सदरा धरून ओढला. तो म्हणाला, नवी आहे, सोडणार नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी तो चप्पल हातात घेऊन उभा राहिला, तेव्हा पाणी करणाऱ्यांची नावं लागली होती. सगळ्यांची नावं दोन दोन शब्दांची. नाव आणि आडनाव, संपलं. आणि त्यांच्यामध्ये एकच नाव तीन शब्दांचं, ऋतिका धाकू शिवलकर.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. झाडूवाली म्हणाली, काका, सरका. तर तो म्हणाला, “थांब बाय, नावं चाललीत.” पडदा पांढरा होईपर्यंत तो तसाच उभा होता, हातातली चप्पल छातीशी धरून. जिन्यावर मीच त्याला धरलं. आम्ही स्टँडपर्यंत आलो. तिथे थांबून म्हणाला, “एवढ्या माणसांत माझं नाव कशाला घातलान तिनं?” मी म्हटलं, मला काय विचारतोस, जिने घातलं तिला विचार.

जिवाला जप. रात्रीचं पाणी कमी हलवत जा.

तुझा
भिकाजी काका

ता. क. वर लिहिलेले दोष माझे नाहीत. मला पिक्चरमध्ये एकही दोष दिसला नव्हता, मी तोंड उघडं टाकून बसलो होतो. ते सगळे तुझ्या बापाने ओट्यावर बसून मला सांगितले, आणि ‘तुझे म्हणून लिही’ असा दम दिला. एकूण सतरा होते, मी चार-पाचच घेतले.

ता. क. २. सोमवारी तो डिझेल बघायला जातो म्हणून शहरात गेला आणि चार तासांनी हात हलवत आला. तुझ्या आईला त्याच्या खिशात थेटराचं तिकीट सापडलं. तिने ते परत खिशात ठेवलं. आता येत्या सोमवारी ती म्हणते, मलापण डिझेल बघायचंय.

ता. क. ३. पत्राचं खरं कारण हे. रविवारी दुपारी त्याला फोन कर. तो ‘कोण बोलतंय’ म्हणून विचारेल. फोन ठेवू नकोस. तुझा नंबर त्याच्याकडे आहे, मी पाहिलाय. तरी तो विचारेल. तू नाव सांग. पूर्ण सांग.