पेंढ्याचं वासरू

१२ ऑक्टोबर १९६२
पोचले एकदाची जर्मनीत! नातसून शुभा दिवसांत आहे, तिच्या बाळंतपणाला आले. डार्मश्टाटपुढचं खेडं. घर उबदार, नळाला गरम पाणी. हो म्हणायला इथे 'या' म्हणतात. म्हाताऱ्या गड्याला चहा हवा का विचारलं, तो या म्हणाला, मी आपली त्याच्याजवळ जाऊन उभी. नातू श्रीरंग पोट धरून हसला. अंगणापलीकडे त्याच्या संशोधनाचा गोठा. वशिंडवाल्या गाई, उष्ण मुलखातून मांसासाठी आणलेल्या.

१९ ऑक्टोबर
संशोधन कळलं. गाय व्याली की वासरू लगेच आईपासून तोडायचं. अंगावर पीत राहिलं तर ती माजावर येत नाही, पुढचं वेत लांबतं म्हणे. मी म्हटलं, तुला असाच तोडला असता तर तुझ्या आईला दुसरा तरी बरा झाला असता.

५ नोव्हेंबर
तांबडीचं वासरू तोडलं, ते गारठ्यानं मेलं. ती वैरणीला तोंड लावीना, कास दगडासारखी. श्रीरंग रडकुंडीला. शेवटी मीच कातडं मागून घेतलं, मीठ चोळलं, पेंढा भरला, काळ्या दोऱ्यानं शिवलं. पुढ्यात ठेवताच तांबडीनं चाटलं, पान्हा सोडला. श्रीरंग हसून म्हणाला, गाय ती, पेंढ्यावरसुद्धा फसते. तिनं चाटणं थांबवून त्याच्याकडे बघितलं. भांडणातला शेवटचा शब्द राखून ठेवणारी बाई अशी बघते.

२० नोव्हेंबर
शुभाला मुलगा. इस्पितळात त्याला काचेपलीकडे ठेवतात, वेळ झाली की पाजायला आणतात. शुभा रडते. श्रीरंग नर्सवर ओरडला. मी म्हटलं, का रे, आता झोंबलं?

२९ नोव्हेंबर
बाळ घरी आलं. पाळण्याजवळच्या खिडकीला बाहेरून लाळ. रुंद जिभेची. श्रीरंग म्हणतो दव आहे. मला दव शिकवतो.

१ डिसेंबर
दुपट्यात पेंढ्याची काडी. झटकली.
गोठ्यातलं वासरू लहान होत चाललंय. कातडं वाळलं की आक्रसतं, मान्य. पण एवढं? तान्ह्या पोराएवढं?

३ डिसेंबर
वासरू गोठ्यात नाही. गड्यानं हात लावलेला नाही. तांबडी मजेत रवंथ करते. पाळण्याशी बसलेय. उठणार नाही.

४ डिसेंबर, दुपार
डोळा लागला. जरासाच—
शुभा पदराखाली घेऊन पाजत होती. म्हणाली, आजी, आज किती शांत पितोय. पदर उचलला—
काळा दोरा. टाके माझेच.
ओढून घ्यायला गेले, शुभा सोडेना. कुरवाळतेय. पान्हा वाहतोय तिला. श्रीरंगला म्हटलं, बघ, कोण फसतं पेंढ्यावर—
गोठ्यातून रडणं. आपल्या बाळाचं.
श्रीरंग धावला. दार ढकलतोय. ओरडतोय, आतून कडी आहे—
त्या दाराला आतून कडीच नाही.
रडणं थांबलं. आता नुसता चाटल्याचा—