भिंतीतली जाळी

चि. ताईस आशीर्वाद.

तू आईला घेऊन गेलीस त्याला दोन महिने झाले आणि मी आज लिहितोय, माफ कर. आधीची दोन पत्रं लिहून फाडली.

गॅसचा हिटर बसवणाऱ्याने भिंतीला भोक पाडून जाळी लावली, तेव्हा मी त्याला म्हणालो, "गॅस मी जाळायचा आणि गल्ली तापवायची होय?" तो म्हणाला, "आजोबा, ज्योत खोलीतली हवा खाते. जाळी बुजवलीत तर जिवावर बेतेल." मला वाटलं, दोन बुकं जास्त शिकलाय म्हणून अक्कल शिकवतोय. तो गेल्यावर मी जाळीत जुना स्वेटर कोंबला.

आई रोज म्हणायची, "अहो, डोकं फुटतंय." मी म्हणायचो, "नाटकं पुरे." ती कोसळली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून गप्पा हाणत होतो. तिला दवाखान्यात नेलं आणि तू यायच्या आत मी स्वेटर काढून टाकला. मोकळी जाळी पाहून तू म्हणालीस, "हिटरच नीट बसवलेला नाही," आणि तक्रार केलीस. मी शेजारीच उभा होतो.

त्या माणसाचं काम गेलं. परवा तो दारात आला. "आजोबा, खरं सांगा, जाळी उघडीच होती?" मी हो म्हणालो आणि दार लावून घेतलं.

तक्रार मागे घे. आईला हे वाचून दाखव. पत्र टाकायचा धीर मला झाला, तर एवढं कर: सगळं ऐकल्यावर आई माझ्याकडे परत येणार का, ते लवकर कळव. नाही म्हणाली तरी कळव.

तुझे,
बाबा